वर्गातला खंदक

आम्ही नागपूरहून टेक्ससला आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बाबा केमिकल इंजिनीअर. ह्यूस्टनला एका तेल कंपनीत त्यांना नोकरी लागली आणि आम्ही शुगर लँडमध्ये राहायला लागलो. शाळेत मला पहिलं वर्षभर रोज एक तास इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वर्गात बसवायचे. मला इंग्रजी येत होतं, फक्त मी बोललेलं तिथे कुणाला कळत नव्हतं.

त्या वर्गात माझ्या शेजारी एक व्हिएतनामी मुलगी बसायची. माझ्याच वयाची, पण माझ्या खांद्याला लागेल एवढीच उंच. आमची मैत्री जेवणाच्या सुट्टीत झाली, कारण बाकी कुणी आमच्याजवळ डबा उघडत नसे. माझी पोळीभाजी, तिचा भात आणि वर तळलेलं अंडं. माझं लिंबाचं लोणचं तिला इतकं आवडायचं की आई डब्यात तिच्यासाठी वेगळी फोड घालायला लागली. आम्ही गणिताबद्दल बोलायचो, टीव्हीबद्दल बोलायचो, कुठल्या मुलीने केस कसे कापलेत याबद्दल बोलायचो. युद्धानंतर देश सोडून ती बोटीतून आली होती हे मला माहीत होतं. शाळेत सगळ्यांनाच माहीत होतं. त्याच्या पलीकडे मी कधी काही विचारलं नाही आणि तिने आपणहून सांगितलं नाही.

टेन्थमध्ये आम्हा दोघींना वर्ल्ड हिस्टरीचा एकच वर्ग मिळाला. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. आवाज सिगरेटने खरखरीत झालेला, हात कायम खडूने माखलेले. त्या पुस्तक फारसं उघडत नसत. खेळ घेत. मुलं त्यांच्या वर्गात यायला धडपडायची ती त्या खेळांसाठी.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात त्यांनी आम्हाला इंग्लंड आणि फ्रान्सचं शंभर वर्षांचं युद्ध शिकवायला घेतलं. "नावापुरतंच शंभर," त्या म्हणाल्या, "खरं एकशे सोळा वर्षं चाललं. म्हणजे युद्ध सुरू होताना जन्मलेल्या माणसाचा नातूही युद्धातच म्हातारा झाला. त्यातला एक वेढा आपण आठवडाभर खेळणार आहोत. खरं काय झालं ते शुक्रवारी सांगेन."

सोमवारी वर्गात गेलो तेव्हा बाकं हलवलेली होती. खिडकीच्या बाजूला सोळा बाकांचं गोल कडं, ते फ्रेंच शहर. दाराच्या बाजूला चौदा बाकं, ती इंग्रजांची छावणी. मधे जमिनीवर मास्किंग टेपच्या दोन समांतर रेघा, त्यांच्यामध्ये जेमतेम तीन फूट जागा. तो खंदक. इंग्रज आत शिरणार नव्हते, आम्हाला बाहेर पडू देणार नव्हते. शुक्रवारपर्यंत शहर टिकवायचं, एवढंच आमचं काम.

शहरातल्या प्रत्येकाने टोपीतून एक चिठ्ठी उचलली. कुणी तिरंदाज, कुणी लोहार, कुणी पाववाला. काहींच्या वाट्याला आजारी माणूस, लहान मूल, भिकारी असलं आलं. माझ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर 'म्हातारी बाई' होतं. माझ्या चिठ्ठीवर 'धान्यकोठाराचा कारकून'. बाईंनी माझ्या हातात पिंटो बीन्सची एक कापडी पिशवी ठेवली. राजम्यापेक्षा लहान, ठिपक्याठिपक्यांचे दाणे. तीनशे दाणे. माणशी रोज पाच लागणार. नियमांचा एक छापील कागद सगळ्यांना मिळाला. शुक्रवारी शहर लढण्याच्या अवस्थेत असेल, तर आत असलेल्यांना A ग्रेड. नसेल, तर त्याहून कमी. जो मरेल त्याने दहा पानांचा निबंध लिहायचा.

आमचा सेनापती फुटबॉलच्या टीममधला एक उंच मुलगा होता. दोन वर्षांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्या दिवशी तो माझ्या बाकावर हात टेकून वाकला आणि म्हणाला, "तू गणितात हुशार आहेस ना? मग सांग आम्हाला, काय करायचं." सगळं कडं माझ्याकडे बघत होतं. मला किती बरं वाटलं होतं, ते आजही नीट आठवतं.

संध्याकाळी डायनिंग टेबलावर मी कागद घेऊन बसले. सोळा जणांचे रोज ऐंशी दाणे. सोमवारचे वाटून झाले होते, उरले दोनशे वीस. चार दिवस. म्हणजे रोज पंचावन्न, म्हणजे अकरा माणसं. पाच जण जास्त होत होते. बाबा ऑफिसातून आले, त्यांनी चहा पिता पिता नियमांचा कागद वाचला, माझी आकडेमोड तपासली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आता हे पाच कोण, ते कसं ठरवणार?"

"जे लढू शकत नाहीत ते. चिठ्ठ्यांवर आहेच ना."

"लॉजिकल आहे," बाबा म्हणाले.

मंगळवारी मी कड्याच्या मधोमध उभी राहून हे सगळं समजावून सांगितलं. इतकं लांब इंग्रजी मी तोवर कधी बोलले नव्हते आणि कुणीही मला 'काय?' असं विचारलं नाही. मग हात वर करून मतदान झालं. पाच जणांना बाहेर काढायचं ठरलं. एक आजारी, दोन मुलं, एक भिकारी, एक म्हातारी. सेनापतीने नावं वाचली. चौघांनी आरडाओरडा केला, हसत हसत, नाटकी. एकाने माझ्या पायाशी लोळण घेतली. माझी मैत्रीण उठली, तिने दप्तर उचललं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि टेपच्या रेघेपलीकडे जाऊन जमिनीवर बसली. दप्तर मांडीवर, पाठ ताठ.

मला वाटलं, ती खेळ मनापासून खेळते आहे.

बाहेर काढलेले पाच जण इंग्रजांकडे गेले की इंग्रज त्यांना जाऊ देतील, असं आम्ही गृहीत धरलं होतं. पण त्यांच्याही कागदावर नियम होते. एकेका माणसाला वाट दिली की त्यांचे दाणे कमी होणार होते. त्यांनी एकमताने नाही म्हटलं. मग पाचही जण त्या तीन फुटांत अडकले. खंदकातल्यांनी तास संपेपर्यंत उठायचं नाही आणि त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा नियम होता.

बुधवारी इंग्रजांनी त्यांच्यावर कागदाचे बोळे फेकले. आमच्या बाजूने कुणी काही फेकलं नाही, पण आम्ही हसलो. चौघं जण भीक मागायची नक्कल करत होते. माझी मैत्रीण करत नव्हती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिला शोधलं, ती सापडली नाही. मला जरा हुश्श झालं. तिच्याशी काय बोलायचं, ते मला सुचलंच नसतं.

गुरुवारी तास अर्धा झाला असेल. मी दाणे वाटत होते. खंदकात माझ्या मैत्रिणीने दप्तरातून डबा काढला. आत थोडा भात होता. तिने बोटांनी त्याचे पाच छोटे भाग केले आणि एकेक भाग शेजारच्याच्या तळहातावर ठेवायला लागली. ती मुलं गोंधळली. एकाने घेतला, एकाने मान हलवली, तर तिने त्याची मूठ उघडून आत ठेवला.

"वर्गात खरं जेवण चालत नाही," बाई म्हणाल्या.

तिला ते ऐकू गेलं नाही. मग इंग्रजांच्या बाजूने एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "जा ना मग आपल्या बोटीत परत."

बरेच जण हसले. मी हसले नाही, पण दाणे वाटायची थांबलेही नाही. बाईंनी त्या मुलाला तिथल्या तिथे वर्गाबाहेर काढलं आणि आजचा खेळ संपला असं सांगितलं. पाठोपाठ घंटा झाली. सगळे उठले. खंदकातली चार मुलं पँट झटकत उठली, हातातला भात कुठे टाकावा ते त्यांना कळेना. ती उठली नाही.

"संपलं गं," मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं. "चल."

तिने मान वर केली. डोळे माझ्यावर होते, पण ती मला बघत नव्हती. तिने माझी बाही धरली आणि अगदी हळू विचारलं, "ते हो म्हणाले? उतरू देतायत?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी म्हटलं, "कोण?"

"किनाऱ्यावरचे," ती म्हणाली.

मी तिथे तशीच उभी राहिले. माझ्या दुसऱ्या हातात बीन्सची पिशवी होती. बाई धावत आल्या, तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, तिच्याशी बोलायला लागल्या. ती टेपच्या आत पाय ओढून घेत होती, पलीकडे जाऊ नये म्हणून. शेवटी बाईंनी ती टेपच उपटून काढली. टर्र असा आवाज झाला. मग कुठे ती उठली. नर्सने तिच्या घरी फोन केला, मोठा भाऊ कामावरून तसाच आला, हातात वेल्डिंगचे हातमोजे, आणि तिला घेऊन गेला.

शुक्रवारी ती आली नाही. बाईंनी बाकं पुन्हा सरळ रांगेत लावली होती. फरशीवर टेपच्या गोंदाचे दोन पिवळे पट्टे राहिले होते. त्या दोन पट्ट्यांच्या मधे उभ्या राहून त्यांनी आम्हाला खरं काय झालं ते सांगितलं.

शहराचं नाव रूआँ. इंग्लंडच्या राजाने उन्हाळ्यात वेढा घातला. थंडी सुरू झाली तेव्हा शहरातलं धान्य संपत आलं होतं, लोक घोडे खात होते, मग कुत्री, मग उंदीर. शहराने ठरवलं की जे लढू शकत नाहीत त्यांना दारं उघडून बाहेर काढायचं. हजारो माणसं. म्हातारे, बायका, पोरं. इंग्रजांनी त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. शहराने मागे घेतलं नाही. ती माणसं तटाबाहेरच्या खंदकात राहिली, पावसात, गवत खाऊन. राजाचं म्हणणं होतं की त्यांना तिथे मी ठेवलेलं नाही. नाताळच्या दिवशी त्याने त्यांना जेवण पाठवलं, दुसऱ्या दिवशी नाही. खंदकात बायका बाळंत होत. मग तटावरून दोरीने टोपली सोडत. बाळ टोपलीत घालून वर घेत, त्याला बाप्तिस्मा देत, आणि पुन्हा टोपलीत घालून खाली सोडत. आईजवळ, मरायला.

मागच्या बाकावर एक मुलगी रडायला लागली. मी रडले नाही. माझ्या डोक्यात ती टोपली वर जात होती आणि खाली येत होती. बाळ आत घेतलं तेव्हा तटावरच्या माणसांनी त्याचं तोंड बघितलं असणार, असं सारखं मनात येत होतं.

"आणि शहर?" सेनापतीने विचारलं.

"जानेवारीत शरण गेलं," बाई म्हणाल्या. "आता तुमचा नियमांचा कागद काढा. तिसरी ओळ वाचा."

मी कागद काढला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, की रोज तीन दाणे मिळाले तर माणूस लढू शकणार नाही, पण जिवंत राहील. सोळा जणांना रोज तीन दाणे, चार दिवस. एकशे ब्याण्णव. माझ्याजवळ दोनशे वीस होते.

ती ओळ मी सोमवारी वाचली होती. हे मी स्वतःपासून कधी लपवू शकले नाही. वाचली होती आणि तसं केलं तर A मिळणार नाही म्हणून नजर पुढे नेली होती. B मिळाला असता. सगळ्या सोळा जणांना.

तास संपल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर रात्रभर झोप नसल्याचं दिसत होतं.

"तुला वाटत असेल मी मुद्दाम केलं," त्या म्हणाल्या. "मी बरीच वर्षं हा खेळ घेते. प्रत्येक वर्ग कुणाला तरी बाहेर काढतो. एखादा वर्ग काढणार नाही म्हणून मी दर वर्षी वाट बघते. पण ती तिथे बसली तेव्हा मला कळायला हवं होतं. ती कशी आली ते मी तिला कधी विचारलंच नाही."

"मीही नाही विचारलं," मी म्हटलं.

त्यांनी मला A दिला. नियमाप्रमाणे तो माझा होता.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"तिचं नाव तू सांगितलंस?"

"तिच्या चिठ्ठीवर म्हातारी होतं. मी फक्त आकडा..."

"चिठ्ठीचं नाही विचारत मी."

तिने भाजीची परडी बाजूला सारली. मग म्हणाली, "उद्या सकाळी आपण तिच्याकडे जाऊ."

बाबांना तिने जेवताना सांगितलं. बाबा ताटावरचा हात थांबवून ऐकत राहिले. "मी कागद वाचला होता," ते शेवटी म्हणाले. "ती ओळ मलाही दिसली होती, बेटा. मला वाटलं, तुला जिंकायचंय." ते पान अर्धवट सोडून उठले. बाबांना अन्न टाकताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

आईने नुकतंच लायसन्स काढलं होतं, फ्रीवेवर ती जात नसे. शनिवारी आम्ही आतल्या रस्त्यांनी पाऊण तास गेलो. "काही करून न्यायचं का?" असं मी विचारलं होतं, तर ती म्हणाली, "अशा वेळी डबा न्यायचा नसतो. त्यांना वाटेल, जेवण देऊन भरपाई करतायत."

दोन खोल्यांचं अपार्टमेंट होतं. भावाने दार उघडलं. तो आम्हाला बघून खूश झाला नाही, पण बाजूला झाला. आत तिची मावशी शिवणयंत्रावर बसली होती, शेजारी शर्टांच्या कॉलरची चळत. माझी मैत्रीण गालिच्यावर बसून कॉलरींचे धागे कापत होती. माझ्या आईला बघून ती उठून उभी राहिली. मावशीने आईला खुर्ची दिली आणि चहा टाकला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने एक कॉलर उचलली, कात्री मागितली आणि धागे कापायला घेतले.

मी गालिच्यावर बसले. सॉरी म्हटलं. सॉरीनंतर काय म्हणायचं ते पाठ करून आले होते, ते काही आठवलं नाही.

ती बराच वेळ धागे कापत राहिली. मग तिच्या तुटक इंग्रजीत, एकेक शब्द शोधत, सांगायला लागली. बोटीचं इंजिन चौथ्या दिवशी बंद पडलं. एक मोठं जहाज जवळून गेलं, थांबलं नाही. मग किनारा दिसला, लोक नाचायला लागले. किनाऱ्यावर सैनिक होते. त्यांनी बोटीला दोर बांधला. सगळ्यांना वाटलं, ओढून आत नेतायत. त्यांनी ओढून पुन्हा समुद्रात नेलं आणि दोर कापला.

"मग पाणी कमी होतं," ती म्हणाली. "एक माणूस वाटायचा. बाटलीच्या झाकणाने. मोठ्या माणसाला दोन झाकणं, मुलांना दोन. म्हाताऱ्यांना एक. माझी आजी होती."

मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. तिच्या हातातल्या कात्रीकडे बघत होते.

"तो आमच्या गावात गणित शिकवायचा. त्याने नीट हिशोब केला. तो रडायचा वाटताना. चांगला माणूस होता." थोडं थांबून ती म्हणाली, "तू पण चांगली आहेस."

ती हे टोचून बोलली नाही. तिला खरंच तसं वाटत होतं. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन रडले असते आणि मोकळी झाले असते. तिने मला त्या माणसाशेजारी नेऊन बसवलं. बोटीवर, झाकण हातात घेऊन. पुढे कुणी मला हुशार म्हटलं की मी तिथे जाऊन बसते.

आजीचं काय झालं, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. त्या छोट्या घरात तीनच माणसं राहत होती.

निघताना मावशीने आईचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी म्हणाली. भावाने भाषांतर केलं नाही. गाडीत बसल्यावर आईने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. पार्किंगमध्ये मुलं सायकली चालवत होती, डिसेंबर असून उकडत होतं. "मला वाटायचं आपण लांब आलो," आई म्हणाली. एवढंच. मग तिने गाडी काढली.

माझी मैत्रीण आठ दिवसांनी शाळेत आली. बाईंनी तिच्या घरी जाऊन माफी मागितली होती, हे मला नंतर भावाकडून कळलं. तिला हिस्टरीचा दुसरा वर्ग मिळाला. ज्या मुलाने ते बोटीचं वाक्य टाकलं होतं त्याने तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर, कागदावरून वाचून. ती "ओके" म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पुन्हा एकत्र बसायला लागलो. बोलायचो पूर्वीसारखंच, गणिताबद्दल, टीव्हीबद्दल. एकच बदललं. मी तिला विचारायला लागले. गावाचं, शाळेचं, तिच्या आईचं. काही प्रश्नांना ती उत्तर द्यायची, काहींना नाही. न दिलेलं उत्तर ऐकून घ्यायला मी हळूहळू शिकले.

बाईंनी तो खेळ पुढच्या वर्षी घेतला नाही असं ऐकलं. काही मुलं त्यावरून नाराज होती.

उन्हाळ्यात तिच्या भावाला कॅलिफोर्नियात काम लागलं. त्यांनी सामान एका पिकअपमध्ये भरलं, शिवणयंत्र सगळ्यात शेवटी, गाद्यांच्या मधे. मी आणि आई गेलो होतो. या वेळी आईने लोणच्याची बरणी नेली होती, ती माझ्या मैत्रिणीने आनंदाने घेतली. वर्षभराने तिचं एक पत्र आलं. तिला नर्सिंगला जायचं होतं. शेवटी लिहिलं होतं की तिथे समुद्र जवळ आहे आणि ती अजून बघायला गेलेली नाही. मी चार पानी उत्तर लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही आणि माझं पाकीटही परत आलं नाही, म्हणजे ते तिच्या हातात पडलं असावं.